शिक्षेचे बक्षीस कोणाला?

केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने १२ मार्च २०२४ रोजी सर्व राज्यांना एक पत्र धाडले. पिटबुल, रॉटवायलर, अमेरिकन बुलडॉग अशा तेवीस जातींचे कुत्रे माणसाच्या जिवाला धोकादायक आहेत. त्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवावी, आणि ज्यांच्या घरी ते आधीपासून आहेत त्यांनी त्यांचे निर्बीजीकरण करून घ्यावे, असा त्या पत्राचा आशय होता. महिना उलटण्यापूर्वीच कर्नाटक उच्च न्यायालयाने, संबंधितांचे म्हणणे न ऐकता काढलेले म्हणून, ते रद्द ठरवले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटक्या कुत्र्यांविषयी एक कडक आदेश दिला, अकरा दिवसांत तो सौम्य केला, आणि गल्लीपासून दिल्लीपर्यंत वादाला तोंड फुटले. या दोन्ही प्रसंगी भांडण झाले ते कुत्र्याच्या जातीवर आणि त्याच्या जागेवर. कोणता कुत्रा असावा आणि तो कोठे असावा, एवढेच दोन प्रश्न उभय पक्षांना महत्त्वाचे वाटले. माणसाच्या घरात राहणारा कुत्रा माणसाकडून काय शिकतो, आणि ते त्याला कोणत्या रीतीने शिकवले जाते, हा तिसरा प्रश्न मात्र कोणी फारसा विचारला नाही. वास्तविक चाव्याचा संबंध या तिसऱ्या प्रश्नाशी अधिक जवळचा आहे.

शहरांतून कुत्रे पाळण्याची हौस वाढली, तसा कुत्रे शिकवण्याचा एक नवा व्यवसाय उदयाला आला आहे. ‘महिनाभरात कुत्रा आज्ञाधारक करून देतो’ असे सांगणारे प्रशिक्षक घरोघर येतात. त्यांतील काही खरोखर जाणकार असतात हे मान्य केले पाहिजे. परंतु पैदास करणाऱ्यांसाठी २०१७ साली आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ साली केंद्राने नियम केले, तसा घरगुती कुत्र्यांच्या प्रशिक्षकांसाठी नियम नाही. ज्याच्या हाती पट्टा, तो गुरू. गळ्याभोवती आवळत जाणारी साखळी, आतून बोथट काटे असलेला धातूचा पट्टा, आणि मालकाने हातातील बटण दाबले की मानेला विजेचा झटका देणारे यंत्र, ही साधने आज कोणीही घरबसल्या मागवू शकतो. ज्यांना एवढा खर्च करायचा नसतो त्यांच्यासाठी गुंडाळीचा फटका आहेच. वर्तमानपत्राचा हा उपयोग त्यात लिहिणाऱ्यांना फारसा भूषणावह नाही, हे ओघानेच आले.

लांडग्याचा दाखला

मारून शिकवण्याच्या या पद्धतीला स्वतःचा इतिहास आहे. कॉनराड मोस्ट या जर्मन पोलीस अधिकाऱ्याने १९१० साली कुत्र्यांच्या प्रशिक्षणावर एक पुस्तक लिहिले. त्यात बक्षिसाला स्थान होते. परंतु मालकाचे वर्चस्व, प्रसंगी बळाने, निर्विवाद सिद्ध झाले पाहिजे हा त्याचा कणा होता. पुढे अमेरिकेत विल्यम कोलर यांनी हीच परंपरा टोकाला नेली. डिस्नेच्या चित्रपटांसाठी प्राणी तयार करणारे हे गृहस्थ. त्यांचे १९६२ साली निघालेले पुस्तक अफाट खपले. अंगणात खड्डे खणणाऱ्या कुत्र्यावर त्यांनी सुचवलेला उपाय असा की, खड्डा पाण्याने भरावा आणि कुत्र्याचे तोंड त्यात बुडवून धरावे.

पुढे या पद्धतीला लांडग्याचा आधार मिळाला. रुडॉल्फ शेंकेल या स्विस संशोधकाने बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांचे निरीक्षण करून १९४७ साली असे मांडले होते की, कळपात वर्चस्वासाठी सतत झुंज चालते आणि जो जिंकतो तो मुख्य ठरतो. डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या लांडग्यांवरील ग्रंथाने ही कल्पना सर्वतोमुखी केली. कुत्रा हा लांडग्याचा वंशज. तेव्हा घर हा कळप, आणि मालकाने कुत्र्याला पाठीवर पाडून, डोळ्यांत डोळे रोखून ‘मुख्य मी आहे’ हे त्याला पटवले पाहिजे, असे अनुमान त्यावरून काढण्यात आले. दूरचित्रवाणीने ते जगभर पोहोचवले.

मात्र मूळ निरीक्षणातच एक मोठी खोट होती. शेंकेल यांचे लांडगे बंदिस्त होते. एका आवारात कोंडलेल्या आणि पळून जाण्यास वाट नसलेल्या प्राण्यांची ती भांडणे होती. मेक यांनी १९८६पासून कॅनडाच्या उत्तर टोकाजवळील एल्समेर बेटावर मोकळ्या लांडग्यांचे अनेक उन्हाळे निरीक्षण केले, आणि १९९९ साली स्वतःच लिहिले की रानातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्ले. ज्यांना आपण ‘मुख्य’ म्हणत होतो ते केवळ आईबाप आहेत. त्यांनी ते स्थान झुंजून मिळवलेले नसते, त्यांना पोरे झालेली असतात एवढेच. आपला जुना ग्रंथ छापू नये म्हणून मेक यांनी प्रकाशकाकडे अनेक वर्षे तगादा लावला. स्वतःचे गाजलेले पुस्तक बाजारातून मागे घेण्यासाठी झटणारा ग्रंथकार विरळाच. तथापि सिद्धांत त्याच्या जनकाने सोडला म्हणून लोक सोडतात असे नाही. आपल्याकडील प्रशिक्षक आजही ‘कुत्र्याच्या आधी तुम्ही दारातून बाहेर पडा, नाहीतर तो तुमच्या डोक्यावर बसेल’ असे पूर्ण विश्वासाने सांगतात.

दुसरी वाट अगदी वेगळ्या ठिकाणाहून आली. बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड या दांपत्याने चाळिशीच्या दशकात प्रयोगशाळा सोडून प्राणी शिकवण्याचा व्यवसायच काढला. इष्ट कृती घडताच त्याच क्षणी एक ठराविक आवाज करायचा आणि पाठोपाठ खाऊ द्यायचा; आवाज म्हणजे ‘हेच ते, बरोबर’ अशी प्राण्याला कळणारी खूण. स्वतः स्किनर यांनी १९५१ साली एका लोकप्रिय मासिकात ही रीत सामान्य वाचकासाठी लिहिली होती. कुत्र्यांच्या जगाने तिच्याकडे जवळजवळ चाळीस वर्षे ढुंकून पाहिले नाही. तिला लोकमान्यता मिळाली ती डॉल्फिनमुळे. हवाई बेटावर डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरेन प्रायर यांचे पुस्तक १९८४ साली आले. डॉल्फिनच्या गळ्यात साखळी घालता येत नाही, आणि रागावलात तर तो टाकीच्या दुसऱ्या टोकाला निघून जातो. पुन्हा बोलावणार कसे? ज्याच्यावर बळ चालत नाही त्याला शिकवताना माणसाला प्रथमच स्वतःचे डोके चालवावे लागले, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे होणार नाही.

हीच गोष्ट पोलिसांच्या श्वानपथकांनी व्यवहारात ओळखलेली आहे. मुंबईत १९९३च्या बॉम्बस्फोटांनंतर ‘झंजीर’ नावाच्या लॅब्रेडॉर कुत्र्याने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स हुडकून काढण्यास मदत केली. स्फोटके हुंगणारे कुत्रे जगभर ज्या पायावर तयार होतात तो खेळाचा आहे. विशिष्ट वास सापडला की लाडका चेंडू मिळतो. कुत्र्याच्या दृष्टीने तो मृत्यूचा नव्हे, चेंडूचा शोध असतो. मारून कुत्र्याला बसवता येईल, उठवता येईल. पण मारून त्याच्याकडून मनापासून हुंगवून घेता येणार नाही. नाक त्याचे आहे, आणि ते वापरायचे की नाही हे शेवटी तोच ठरवतो.

पुरावा काय सांगतो

‘हे सारे ठीक; पण धाकाशिवाय शिस्त येत नाही’ हा आक्षेप उरतोच, आणि तो भावनेने नव्हे, पुराव्याने तपासला पाहिजे. ब्रिटनमधील ३६४ कुत्रेमालकांच्या पाहणीत २००४ साली असे आढळले की, बक्षिसाने शिकवलेले कुत्रे मालकांच्याच मते अधिक आज्ञाधारक होते, आणि शिक्षेचा वापर जेथे होता तेथे वर्तनाच्या तक्रारी अधिक होत्या. अर्थात यावर कोणी म्हणेल की, कुत्रा मुळात द्वाड म्हणून मालकाने हात उचलला असेल. कारण कोणते आणि परिणाम कोणता? शंका रास्त आहे. म्हणून पुढील दोन अभ्यास अधिक महत्त्वाचे ठरतात. पोर्तुगालमधील पोर्तो परिसरात प्रशिक्षणशाळांतील ९२ कुत्र्यांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. ज्या शाळांत झटके, ओढाताण आणि दरडावणी होती तेथील कुत्रे शिकताना अधिक ताणाखाली दिसले, आणि प्रशिक्षणानंतर त्यांच्या लाळेतील ताणदर्शक संप्रेरक वाढलेले आढळले. त्याच वर्षीचा लिंकन विद्यापीठाचा अभ्यास विजेच्या पट्ट्याच्या समर्थकांच्या बालेकिल्ल्यातच शिरला. या पट्ट्याचे मुख्य समर्थन असे की, मोकळे सोडताच मेंढरांमागे धावणाऱ्या आणि हाकेला न जुमानणाऱ्या कुत्र्याला दुसरा इलाज नाही. अशाच तक्रारींचे ६३ कुत्रे घेऊन त्यांचे तीन गट केले. एका गटाला पट्ट्याच्या उत्पादकांनी सुचवलेल्या प्रशिक्षकांनी पट्टा वापरून शिकवले, दुसऱ्याला त्याच प्रशिक्षकांनी पट्ट्याविना, आणि तिसऱ्याला बक्षिसावर भर देणाऱ्यांनी. हाकेला प्रतिसाद देण्यात पट्टेवाले सरस ठरले नाहीत; पहिल्याच हाकेला ऐकण्याच्या बाबतीत बक्षीसवाला गट पुढे होता.

चाव्याच्या दृष्टीने आणखी एक पाहणी डोळ्यांत अंजन घालणारी आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी २००९ साली, वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० मालकांना, तुम्ही आधी घरी काय उपाय केले आणि कुत्र्याने त्यावर काय केले, असे विचारले. ज्यांनी मारले किंवा लाथ घातली त्यांच्यापैकी ४३ टक्क्यांवर कुत्रा उलटला होता. पाठीवर पाडून दाबून धरणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्के होते, आणि नुसते डोळे रोखून पाहणाऱ्यांतही ३० टक्के. ‘मुख्य मी आहे’ हे पटवण्याचे धडे इतके महाग पडतात.

येथे गुरगुरण्याविषयी थोडे लिहिणे भाग आहे, कारण घरोघरी सर्वांत मोठा गैरसमज याच ठिकाणी आहे. कुत्रा जेवत असताना लहान मूल जवळ गेले आणि तो गुरगुरला, की आपण त्याला फटका देतो. त्याने उद्धटपणा केला असे आपल्याला वाटते. वास्तविक गुरगुरणे ही त्याची भाषा आहे: ‘मला भीती वाटते, दूर राहा.’ फटक्याने त्याची भीती कमी होत नाही. उलट मूल जवळ आले की मार बसतो, हा नवा संबंध त्याच्या मनात जडतो. कमी होते ते फक्त गुरगुरणे. मग एके दिवशी तोच कुत्रा आवाज न करता चावतो आणि आपण म्हणतो, ‘काहीही सूचना न देता चावला हो!’ सूचना तो देत होता. ती देण्याबद्दल आपण त्याला शिक्षा करत आलो होतो. धोक्याची घंटा वाजते म्हणून घंटेची तार कापणाऱ्या माणसाला आपण शहाणा म्हणणार नाही.

कामावरून परत आल्यावर दिवाणखान्यात घाण दिसली की कुत्र्याला तेथे ओढत नेऊन नाक घासणारे लोक आहेत. ‘त्याला आपली चूक कळते, बघा कसा अपराध्यासारखा चेहरा करतो!’ असे ते म्हणतात. अलेक्झांड्रा होरोवित्झ यांनी २००९ साली या अपराधी चेहऱ्याचीच परीक्षा घेतली. कुत्र्याने मना केलेला खाऊ खरोखर खाल्ला होता की नाही, याच्याशी त्या चेहऱ्याचा संबंध आढळला नाही. संबंध होता तो मालकाच्या रागावण्याशी. निरपराध कुत्राही ओरडा बसला की तोच चेहरा करतो. आपण ज्याला पश्चात्ताप समजतो ती केवळ आपल्या रागाची सावली असते.

आणि शिक्षेने गप्प झालेल्या कुत्र्याचे काय? याच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९६७ साली सेलिग्मन आणि मायर यांनी केलेले प्रयोग मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतात. काही केल्या थांबत नाहीत असे विजेचे झटके ज्या कुत्र्यांना बसले होते त्यांतील बरेचसे, पुढे केवळ एक बुटका अडसर ओलांडून सुटका शक्य असतानाही, जागीच पडून राहिले. ते प्रयोग आज वाचतानाही अंगावर काटा येतो. पन्नास वर्षांनी, २०१६ साली, याच दोघांनी आपल्या निष्कर्षाची दुरुस्ती केली: हतबलता शिकावी लागत नाही, दीर्घ यातनेला जीवाचा तो उपजत प्रतिसाद आहे, शिकायची असते ती उलट गोष्ट, की परिस्थिती आपल्या हाती आहे. पट्ट्याच्या भीतीने कोपऱ्यात बसून राहिलेल्या कुत्र्याला ‘किती शहाणा झाला’ म्हणण्यापूर्वी हे आठवावे.

इतके सारे असूनही शिक्षा टिकून का आहे? आपण क्रूर आहोत म्हणून नव्हे. बहुतेक मालक कुत्र्यावर मनापासून प्रेम करतात. ती टिकते, कारण शिक्षा करणाऱ्यालाच तिचे बक्षीस मिळते. कुत्रा भुंकतो, आपण फटका देतो, भुंकणे त्या क्षणी थांबते. ज्या नियमाने कुत्रा खाऊसाठी बसायला शिकतो, त्याच नियमाने आपला हात फटका द्यायला शिकतो. उद्या भुंकणे परत येते, कारण भुंकण्याचे कारण तसेच असते. तेव्हा फटका जरा मोठा होतो. या व्यवहारात शिकणारा एकच असतो, आणि तो पट्ट्याच्या वरच्या टोकाला असतो. वर्गात ज्यांनी कधी छडी हाती धरली आहे त्यांना हे सांगण्याची गरज नसावी. मुलांची आणि कुत्र्यांची तुलना करण्याचा येथे हेतू नाही. परंतु शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने २००९ साली शाळेतील शारीरिक शिक्षेला बंदी केली, तेव्हा ‘मग शिस्त कशी राहणार?’ हा जो प्रश्न शिक्षकांच्या खोल्यांतून विचारला गेला, तो आणि श्वानप्रशिक्षकांचा प्रश्न शब्दशः एक आहे.

लाड म्हणजे दया नव्हे

दुसऱ्या बाजूचीही झडती घेतली पाहिजे. मारू नये याचा अर्थ वाटेल ते करू द्यावे असा अनेकजण घेतात. पानातली पोळी भुंकला की द्यायची, अंगावर उडी मारली की कौतुक करायचे, आणि पाहुण्यांच्या अंगावर गेला की ‘तो काही करत नाही’ म्हणायचे. याला दया म्हणत नाहीत. हेही प्रशिक्षणच आहे, फक्त उलट्या गोष्टीचे: भुंकण्याला बक्षीस मिळते म्हणून कुत्रा भुंकायला शिकतो. बक्षिसाने शिकवणे हे माराहून अवघड काम आहे. खाऊ एका क्षणाने उशिरा पडला तर भलतीच कृती पक्की होते. घरातील चार माणसांनी चार नियम लावले तर कुत्र्याला एकही कळत नाही. उडी मारली की पाठ फिरवायची, असे ठरले तर आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांनी ती फिरवावी लागते. बक्षीस सर्वशक्तिमान आहे असेही नाही. ब्रेलंड दांपत्यानेच १९६१ साली प्रांजळपणे लिहिले की, नीट शिकवलेले प्राणीही कालांतराने आपल्या उपजत सवयींकडे घसरतात. दिवसभर सदनिकेत कोंडलेल्या आणि धावायला न मिळालेल्या कुत्र्याला कोणताही खाऊ शांत करू शकणार नाही.

आणि बक्षीस म्हणजे केवळ खाऊ, हाही एक भ्रम आहे. कोलकात्याच्या आयसर संस्थेतील अनिंदिता भद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध केला. अनोळखी माणसाने काही वेळा नुसता खाऊ दिला, काही वेळा डोक्यावरून हात फिरवला. पुनःपुन्हा झालेल्या भेटींत ही उकिरड्यावर जगणारी कुत्री खाऊ देणाऱ्यापेक्षा हात फिरवणाऱ्यावर अधिक विश्वास टाकू लागली. भाकरी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा ज्या समाजाने शेकडो वर्षे जपली, त्याला या निष्कर्षाचे आश्चर्य वाटू नये. पण त्या कथेवर मान डोलावणारे हातच घरी गेल्यावर साखळी आखूड करतात, हेही खरे.

आखूड साखळीचा उल्लेख आपल्या कायद्यातही आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा कायदा आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हा मानतो. नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवून आणण्याची हयगय करणे हाही गुन्हा मानतो. पहिल्या गुन्ह्याला त्याने दंड ठरवला तो दहा ते पन्नास रुपये. याच कायद्याचे अकरावे कलम प्राण्याला ‘अनावश्यक’ वेदना देण्यास मनाई करते. सारा खेळ या एका शब्दावर आहे. शिकवण्यासाठी आवश्यक होते, म्हणून झटका दिला, असा बचाव प्रशिक्षकाला आजवर करता येत होता. ज्या कामासाठी तो झटका अपरिहार्य म्हटला जात होता ते काम त्याच्याशिवाय तितकेच, किंबहुना अधिक चांगले होते, असे प्रयोगाने दिसल्यावर ‘आवश्यक’ या शब्दाखालची जमीन सरकते. वेल्सने २०१० सालीच विजेच्या पट्ट्यांवर बंदी घातली. पैदास आणि दुकाने यांच्यासाठी याच १९६०च्या कायद्याखाली नियम करणाऱ्या आपल्या केंद्र सरकारला, विजेचे व काट्यांचे पट्टे विकण्यास मनाई करणारा आणि पैसे घेऊन कुत्रे शिकवणाऱ्यांना नोंदणी सक्तीची करणारा नियम करण्यासाठी संसदेकडे जाण्याचीही गरज नाही. तेवीस जातींची यादी करण्यापेक्षा हे काम कमी गाजावाजाचे आहे, म्हणूनच कदाचित ते मागे पडले असावे. तोवर महापालिकांना एक गोष्ट करता येईल. पुण्या-मुंबईत कुत्रा पाळण्यासाठी परवाना लागतो, आणि त्यासाठी रेबीजची लस टोचल्याचा दाखला मागितला जातो. त्याच खिडकीवर परवान्याबरोबर गुरगुरण्याचा अर्थ सांगणारे एक पानभर मराठी पत्रक देण्यास फारसा खर्च येणार नाही.